कपलर ओढून निघत नाही

जुन्या गाड्यांविषयी बोलताना कोल्हापुरात फारशी प्रस्तावना लागत नाही. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहायला उन्हात ताटकळणारी माणसे आपणच असतो. मात्र गाडीचे कौतुक रंग, क्रोम आणि इंजिनाच्या आवाजापाशी थांबते; बॉनेटखालच्या तारांकडे लक्ष जाते ते गाडी रस्त्यात बंद पडल्यावर. आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे. तीस-चाळीस वर्षे न उघडलेला कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, न मोडता, आणि स्वतःला किंवा गाडीला इजा न होता, कसा सोडवावा, एवढाच तो विषय आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या कामाला लागून मला दुसरे वर्ष होते. एका मारुती 800 च्या तापमान सेन्सरचा कपलर काढायचा होता आणि मालक शेजारी उभा राहून घड्याळ पाहत होता. मी तारांना धरून हिसका दिला. तारा हातात आल्या, कपलर सेन्सरवर जसाच्या तसा राहिला. आमचे वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी शेजारचा दुसरा कपलर दोन बोटांत धरला, तो आधी सेन्सरच्या दिशेने आत दाबला, मग खटका दाबला आणि अलगद बाहेर घेतला. समोरच्याला खेचायचे असेल तर आधी रेटावे लागते, हे तालमीत गेलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मला मात्र ते त्या दिवशी समजले.

यामागचे कारण साधे आहे. कपलरचा खटका समोरच्या भागावरच्या एका उंचवट्यामागे अडकलेला असतो. आपण कपलर बाहेर ओढू लागलो की तो खटका त्या उंचवट्यावर आणखी घट्ट रुततो, आणि अशा ताणाखाली आपण त्याला उचलू पाहतो. नवे प्लास्टिक हे सहन करते. बॉनेटखालचे जुने नायलॉन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कोरडे पडलेले असते, म्हणून खटका मुळातून तुटतो. कपलर आत दाबल्यावर खटक्यावरचा ताण उतरतो आणि त्याला उचलायला थोडीच ताकद पुरते. कधी कधी आत दाबताना धुळीचा थर मोडल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो आला की निम्मे काम झाले असे समजावे.

पण कपलरला हात लावण्याआधी बॅटरी सोडवली पाहिजे. गाडीच्या बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थची, केबल आधी काढावी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर बॅटरी थेट शॉर्ट होते. तिच्यापासून स्टार्टरपर्यंतच्या जाड केबलवर बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो, त्यामुळे पाना क्षणात लाल होऊ शकतो. फार जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, म्हणून रंगावर किंवा सवयीवर विसंबू नये, केबल कुठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. किल्ली बंद असली तरी काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन तापलेले असताना आपोआप फिरू लागतो, हेही बॅटरी सोडवण्याचे एक कारण आहे. इग्निशन कॉइलमधून स्पार्क प्लगकडे जाणारा दाब हजारो व्होल्टचा असतो, त्यामुळे चालू इंजिनाच्या प्लगवायरी ओढण्याचा उद्योग कोणी करू नये. इंजिनात पेट्रोलचा वास येत असेल तर तो कुठून येतो हे सापडेपर्यंत तारांना हात लावू नये.

अँबॅसिडर किंवा पद्मिनीत खटक्याचे कपलर फारसे नसतात. तिथे चपटी थिंबले, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेले धातूचे चपटे तुकडे, आणि गोल बुलेटचे, म्हणजे गोळीच्या आकाराच्या टोकांचे, सांधे असतात. थिंबल नाकपक्कडीने धातूच्या भागाला धरून, डावीउजवीकडे किंचित हलवत सरळ बाहेर घ्यावे. एकेक तार काढताना तिला कागदी पट्टी लावून क्रमांक लिहावा आणि आधी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण जुन्या गाड्यांत तारांचे रंग आधीच्या तीन मिस्त्रींनी बदललेले असतात. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि खटक्यांच्या कपलरांची गाठ आपल्याला नेहमीची झाली. इंधन इंजेक्शनच्या जुन्या युरोपीय गाड्यांत तर खटक्याऐवजी तारेची क्लिप असते. ती बारीक हुकाने एका बाजूने हलकी सरकवली तर जागेवरच राहते. पूर्ण उपसली तर उडून इंजिनाखाली जाते. खाली एक जुने धोतर पसरले तर ती सापडते, असा माझा अनुभव आहे.

दाबूनही कपलर हलत नसेल तर घाई करू नये. गार नायलॉन अधिक ठिसूळ असते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी हे काम करण्यापेक्षा उन्हात ठेवलेल्या गाडीवर दुपारी करावे, किंवा साध्या हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटे कोमट हवा द्यावी. हीट गन वापरू नये; तिची हवा शेकडो अंश तापमानाची असते आणि प्लास्टिक वाकते. मग इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन-चार थेंब सांध्यावर टाकून थांबावे. पेट्रोल, थिनर आणि ब्रेक क्लीनर यांच्यापासून कपलर दूर ठेवावा, कारण ती द्रव्ये काही प्लास्टिकला तडे पाडतात आणि रबरी सील फुगवतात.

कोल्हापूरच्या गाड्यांत यापुढे एक अडचण आहे, ती ओलाव्याची. 2019 आणि 2021 च्या पुरात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. पितळी पिनांवर हिरवट पूड चढते आणि पिन तिच्या कोशात घट्ट बसते. अशा वेळी कपलर जबरदस्तीने काढला तर खटका टिकतो, पण पिनच उपटून येते. क्लीनर टाकून आत-बाहेर एखादा मिलिमीटर हलवत राहावे. निघाल्यावर मऊ ब्रशने पूड काढावी. पॉलिश पेपर लावू नये, त्याने पिनेवरचा मुलामा जातो.

1990 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या काही मर्सिडीज गाड्यांच्या इंजिनवायरिंगचे आवरण नुसते वाकवल्यावर भुग्यासारखे गळते. असे दिसले तर कपलर सोडवण्याचा विचारच बाजूला ठेवावा आणि आधी पूर्ण वायरिंगची किंमत विचारावी, कारण उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर इंजिनाचा कॉम्प्युटर जातो, आणि तो वायरिंगपेक्षा महाग असतो.

जोडताना सील रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि खटक्याचा टिक आवाज ऐकावा. तो ऐकू आला नाही तर कपलर बसलेला नाही. अर्थची केबल सगळ्यात शेवटी जोडावी. खटका तुटलाच असेल तर कपलरच्या भोवती पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवून तो मागून बांधता येतो. टेपने गुंडाळू नये, कारण उन्हाळ्यात टेपचा चिकट भाग विरघळून आत जातो. त्या मारुतीचा कपलर मी अशाच पट्टीने बांधला होता. सहा वर्षांनी तोच मालक पुन्हा आला तेव्हा पट्टी तिथेच होती आणि वस्तादांनी ती मला दाखवून, काहीही न बोलता, बॉनेट बंद केले.