टेबलावर पेशंट असताना

नमस्कार श्रोतेहो.

मेंदूचं ऑपरेशन चालू असतं आणि मध्येच सगळे हात थांबतात. सर्जननं गाठीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवलेला असतो. पेशंट भुलीखाली आहे, कवटी उघडी आहे, आणि सगळे वाट बघतायत ती एका फोनची. गाठ कसली आहे?

उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. समजा लिम्फोमा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला, तर बहुतेक वेळा गाठ काढायचीच नसते. तपासणीपुरता तुकडा घ्यायचा आणि जखम शिवायची. पुढचं काम केमोथेरपीचं. उलट काही गाठी जेवढ्या निघतील तेवढ्या काढणंच हिताचं. पण मेंदूत जास्तीचं काही मिलिमीटर म्हणजे कुणाची वाचा, कुणाचा उजवा हात. उगाच काढलेलं परत बसवता येत नाही.

तुकडा गोठवून, पातळ काप काढून, रंगवून बघायची पद्धत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी 1905 मध्ये रुळवली. त्यालाच फ्रोझन सेक्शन म्हणतात. साधारण वीस-तीस मिनिटं लागतात. मेंदूत पाणी फार, त्यामुळे गोठवताना बर्फाचे कण होतात आणि कापाला भोकं पडतात. म्हणून मेंदूच्या तुकड्याचा स्क्वॅशही करतात: दोन काचांमध्ये दाबायचा, सरकवून पसरायचा, रंगवायचा. काच सरकवताना तुकडा लोण्यासारखा पसरतो की चिवटपणे अडतो, यावरूनसुद्धा जाणत्या हाताला अंदाज येतो. मला या विद्येचं फार अप्रूप आहे.

पण काही गाठी भिंगाखाली सारख्याच दिसतात. फरक असतो तो डीएनएवरच्या रासायनिक खुणांत, आणि त्या वाचायला एरवी दिवस जातात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2023 मध्ये यावर वाट काढली. डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढला जातो, तेव्हा विद्युतप्रवाह बदलतो आणि त्या बदलातून खुणा वाचल्या जातात. सगळं वाचून होईपर्यंत थांबायचंच नाही. हाती आलेल्या तुरळक तुकड्यांवरूनच ‘स्टर्जन’ नावाचा संगणकीय प्रोग्रॅम गाठ ओळखतो. प्रत्यक्ष 25 ऑपरेशनांच्या वेळी तो वापरला, दीड तासाच्या आत निकाल आला. 18 वेळा निदान बरोबर. उरलेल्या 7 वेळा त्याला पुरेशी खात्री वाटली नाही, म्हणून त्यानं निदान दिलंच नाही.

मला त्या 18 इतकेच हे 7 मोलाचे वाटतात. उघड्या मेंदूसमोर चुकीचं उत्तर ठामपणे देणारं यंत्र काय कामाचं? खात्री नसेल तर सर्जन बेतानं काढेल. उरलेली गाठ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये काढता येते.

तरी हे तंत्र अजून मोजक्याच ठिकाणी पोचलंय. बाकी ठिकाणी आत्ताही कुणीतरी दोन काचा एकमेकींवर सरकवत असेल, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये फोनकडे डोळे लागलेले असतील.