महाडचा लाल विंचू आणि अर्धी गोळी

[दृश्य : पहाट. सावित्रीवरचा पूल. मागे डोंगर.]

मुंबईहून गोव्याकडे निघालं की सावित्रीच्या काठी महाड लागतं. रायगडाकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. शेजारी बिरवाडी. आज ती औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असते. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, एमबीबीएस नागपूरचं. महाड-बिरवाडीच्या जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, तेव्हा कुलाबा म्हणत.

विंचू चावून माणूस मरतो, हे कोकणाला ठाऊक होतं. कसा मरतो, हे कागदावर नीट उतरलेलं नव्हतं. पश्चिम भारतातल्या त्या काळच्या नोंदी पाहिल्या तर दवाखान्यात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्यांत लहान मुलं बरीच.

[दृश्य : गडगा, लाकूडफाटा, पेंढ्याची गंजी.]

हा विंचू दिसायला फारसा भयंकर नाही. बोटाएवढा, विटकरी-नारिंगी, पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. काळी इंगळी याच्यापेक्षा मोठी, जाडजूड चिमट्यांची, बघूनच धडकी भरावी अशी. पण तिच्या डंखाने आग होते, जीव सहसा जात नाही. लाल विंचू जांभ्याच्या भेगांत, गडग्यात, कौलांखाली, सरपणात राहतो. रात्री बाहेर पडतो. चपलेत शिरतो, दोरीवरच्या कपड्यात बसतो. पेंढा उचलताना हाताला चावतो आणि झोपलेल्या पोराला तर कुठेही.

चावला की आधी भगताकडे. मंत्र घालून विंचू उतरवणं ही जुनी रीत, आणि ती टिकली त्याला कारण आहे. बहुतेक डंखांत विष शरीरभर भिनत नाही. नुसती असह्य कळ येते आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. श्रेय भगताला. पण ज्याच्या अंगात विष खरोखर चढलं आहे, त्याचीही जागेवरची कळ पुष्कळदा कमीच असते. पोर रडायचं थांबतं, घरचे म्हणतात उतरला. त्याच वेळी हातपाय गार पडत असतात.

[दृश्य : डॉक्टरांचा हात, मुलाच्या तळव्यावर.]

त्या गार तळव्यामागे काय चाललंय, ते आधी समजून घेऊ.

मज्जातंतूंवर सोडियम आत घेणारी दारं असतात. संदेश गेला की ती मिटायला हवीत. विंचवाचं विष ती मिटू देत नाही. एकदा पेटलेली नस पेटलेलीच राहते. पहिल्या लाटेत उलट्या होतात, कपडे भिजतील इतका घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, नाडी मंदावते. मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहतं. ही खूण फार लवकर दिसते. आई संकोचते, सांगत नाही, म्हणून तपासताना मुलाचे सगळे कपडे काढून बघायचे. पुढे कित्येक तास दुसरी लाट चालते. रक्तात अॅड्रेनलिनचा पूर येतो, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय बंद दारावर धडका दिल्यासारखं धावतं. थकलं की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. खोकला, धाप, आणि शेवटी तोंडावाटे गुलाबी फेस. मृत्यू बहुधा इथे होतो.

हा क्रम समजला तो खाटेशेजारी बसून. घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा, स्टेथोस्कोप आणि वही, यापलीकडे त्यासाठी फारसं काही लागलं नाही. कोणत्या तासाला घाम, कोणत्या तासाला तळवा गार, दाब कधी चढला, कधी कोसळला. हृदय बिघडण्याआधी कोणत्या खुणा दिसतात, यावरचा बावस्करांचा लेख १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

[दृश्य : रात्रीचा वॉर्ड. कंदिलाएवढा उजेड.]

निदानात एक अडचण नेहमीची. चाव्याच्या जागी काहीच दिसत नाही. सूज नाही, दातांची खूण नाही, विंचू कोणी पाहिलेला नाही. तेव्हा संशयित जागेवर बोटाने अचानक टिचकी मारायची. रुग्ण हात झटकन मागे घेतो. साधी युक्ती, पण अंधारात रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासाठी हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

खूण नसण्यावरून मण्यार आठवल्याशिवाय राहत नाही. याच पट्ट्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, घरचे अपचन समजतात. मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही. पोटदुखीने आलेला रुग्ण आणि मिटत चाललेले डोळे, एवढ्यावर सर्पदंश ओळखावा लागतो. विंचवाच्या रुग्णाच्या पापण्या अशा पडत नाहीत. त्याचा घाम आणि गार तळवे बोलतात.

[दृश्य : औषधांचं कपाट.]

जुन्या उपचारांत नेमकं काय चुकत होतं? घाम आणि लाळ बघून अॅट्रोपिन टोचलं जायचं. घाम सुकतो, पण नाडी आणखी पळते आणि आधीच बेफाम झालेलं हृदय लवकर दमतं. स्टेरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शनं सवयीने दिली जायची; हा अॅलर्जीचा आजारच नाही. सर्वांत घातक सलाईन. उलट्या-घामाने रुग्ण कोरडा पडलेला असतो हे खरं, त्याला पाणी हवंच. पण बाटली धो धो सोडली की ते पाणी फुप्फुसांत उतरतं. शुद्धीवर असेल आणि उलटी थांबली असेल तर तोंडाने जलसंजीवनी देणं बरं.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, हा विचार पुढे आला. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं गेलं. औषध जबरदस्त. पण ते थेंबाथेंबाने द्यावं लागतं, उजेडात खराब होतं म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळायची, आणि दाब क्षणाक्षणाला मोजायचा. एक परिचारिका आणि वीस खाटा असतील तिथे हे जमायचं कसं?

मग आली प्राझोसिनची गोळी. रक्तदाबासाठीच बनलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची. अॅड्रेनलिन रक्तवाहिनीला ज्या खुंटीला धरून आवळतं, त्या अल्फा-वन खुंटीवर ती आधी जाऊन बसते. हातापायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, नाडी फारशी पळत नाही. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती विंचूदंशात वापरली, आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्यावर लेख आला. ही गोळी रुळल्यावर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरलं.

[दृश्य : एक मिलिग्रॅमची गोळी मधोमध मोडली जाते.]

मात्रा मोडून दाखवता येते. १ मिलिग्रॅमची साधी गोळी घ्या. मोठ्या माणसाला अर्धी, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. मुलाला पाव, २५० मायक्रोग्रॅम. उलटीत पडली तर पुन्हा, शुद्ध नसेल तर चुरून नाकातल्या नळीने. तळवे गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. गोळी साधीच हवी. औषधाच्या दुकानात सहज मिळते ती बहुधा हळूहळू विरघळणारी असते. ती इथे निरुपयोगी.

पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम उतरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. सगळ्यात जास्त चूक होते ती इथे, आणि प्रेमापोटी होते : आजी येते, रडणाऱ्या नातवाला उचलून खांद्यावर घेते आणि पोर डोळे पांढरे करतं. ‘तीन तास उचलायचं नाही’ हे घरच्यांना दोनदा बजावून सांगावं. नाडी, दाब आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास तासातासाने, मग चार तासांनी. मोठ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर पहिली मात्रा देऊनच गाडीत चढवायचं.

ज्याला नुसती कळ आहे, घाम फक्त चाव्याच्या जागी आहे, त्याला प्राझोसिन नको. त्या जागी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचायचं, अॅड्रेनलिन न मिसळलेलं.

[दृश्य : बर्फाच्या पेटीतून काढलेल्या कुप्या.]

गोळी रक्तवाहिनी सोडवते, विष मात्र अंगात फिरतच राहतं. त्यासाठी लस, म्हणजे घोड्यांपासून केलेलं विंचूविरोधी सीरम. गोळी असताना लस हवी का, यावर बरेच वाद झाले. महाडच्या बावस्कर रुग्णालयात त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्ण विभागून चाचणी झाली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. ७० रुग्ण घेतले, सगळे विषबाधेच्या चार पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीचे : घाम-लाळ-गार हातपाय आहेत, पण फुप्फुसांत पाणी नाही. ३५ जणांना लस आणि गोळी, ३५ जणांना नुसती गोळी. १० तासांनी पहिल्या गटातले ३२ पूर्ण सावरले होते, दुसऱ्यातले ८. सावरायला सरासरी ८ तास, विरुद्ध १७.७ तास. मात्र उपचार चालू असताना आणखी बिघडलेल्यांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखीच. आमच्या मते या चाचणीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तोच कमी सांगितला जातो. लसीने रुग्ण लवकर घरी जातो. म्हणून गोळी मागे ठेवून लसीची वाट बघत बसायचं नाही.

[दृश्य : वॉर्ड. खिडकीबाहेर फटफटतंय.]

गरम तळवा म्हणजे सुटका, असं मानून चालायचं का? बहुतेक वेळा हो. पण चौथ्या पायरीचा रुग्ण गरमच असतो. दाब पडलेला, नाडी पळते, धाप आहे किंवा नाही, आणि हातपाय ऊबदार. रक्तवाहिन्या आता आवळण्याच्याही पलीकडे गेल्या आहेत. इथे प्राझोसिन चालत नाही. हृदयाला जोर देणाऱ्या डोब्युटामिनचं ठिबक, ऑक्सिजन, वेळ पडली तर कृत्रिम श्वास. म्हणून तळव्याला हात लावला की दुसरा हात मनगटावर हवा.

चांगला गरम तळवा वेगळा असतो. कोरडा असतो, आणि मघाशी न दिसणाऱ्या हाताच्या मागच्या शिरा पुन्हा उठून दिसतात. त्याच सुमारास रात्रभर गप्प पडलेलं पोर बोट धरून रडायला लागतं. चाव्याची कळ परत आलेली असते. आई घाबरून परिचारिकेला हाक मारते. परिचारिका पट्टा गुंडाळते, दाब घेते, वहीत लिहिते : ‘बोट दुखते. हातपाय गरम, कोरडे.’