पोट शनिवारी का दुखत नाही

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय तो मोठा आहे, मुलांचं मानसिक आरोग्य आणि पालकांची भूमिका, आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी मला शाळेच्या व्हॅनबद्दल बोलायचंय. हसू नका, खरंच. आपण मुलांना विचारतो डबा संपवला का, टेस्टमध्ये किती पडले, होमवर्क काय आहे. व्हॅनमध्ये कुठे बसतोस हे किती जणांनी विचारलंय? हात वर करा बघू. दोन, तीन... मागे ते काका, तुम्ही नातवाला विचारता? वा, मग तुम्ही इथे येऊन बोला, मी खाली बसते.

माझं म्हणणं असं आहे की मुलांना त्रास होतो तो जास्त करून मोठी माणसं नसतात तिथे होतो. वर्गात टीचर असते, घरी आपण असतो. पण आपल्या इंदूरात राजेंद्रनगरहून शाळेपर्यंतचा पाऊण तास, मधल्या सुट्टीतलं बाथरूम, कोचिंग सुटल्यावर भंवरकुआंची गर्दी आणि रात्री अकराला क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप, इथे कोण असतं सांगा?

एका मुलाचं सांगते, नाव सांगणार नाही आणि ओळख पटेल असं काही सांगणार नाही. बाबांची इंदूरजवळच्या पीथमपूरला बदली झाली म्हणून सहावीत सांगलीकडून इंदूरला आला. अभ्यासात बरा, हिंदी मात्र कच्ची. पहिल्याच आठवड्यात व्हॅनमध्ये म्हणाला, "स्कूल छूट गई." आपल्याकडे शाळा सुटते ना, म्हणून त्याची स्कूलपण सुटली. झालं, त्या दिवसापासून त्याचं नावच 'छूट गई'. आता तुम्ही हसलात, ठीक आहे, एकदा हसण्यासारखंच आहे ते. पण रोज जाताना आणि येताना, सहा महिने? मग सगळ्यांची दप्तरं त्याच्या मांडीवर, मग सीटवरून उठवून डिक्कीत, आणि मग एक दिवस बाटलीतलं पाणी त्याच्या पँटवर ओतलं आणि सगळे ओरडले, छूट गई, छूट गई. आता कोणी हसत नाहीये. बरोबर आहे.

घरी काय चाललं होतं? पोटदुखी. रोज सकाळी साडेसहाला. ओवा झाला, बेंबीला हिंग झाला, जंताचं औषध झालं, सोनोग्राफी नॉर्मल आली. आजींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, बाबा म्हणाले नाटकं आहेत सगळी. आई रडत माझ्याकडे आली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं की कोणत्या दिवशी दुखत नाही ते सांग. शनिवार-रविवार नाही, सुट्टीच असते. आणि, थोडा विचार करून म्हणाली, गुरुवारीपण नाही. गुरुवारी काय असतं? तर बाबांना सुट्टी असते, ते स्कूटरवर सोडतात. म्हणजे बघा, शाळा तीच, टीचर तीच, गणिताचा तास तोच, पण पोट ठीक. दुखणं शाळेत नव्हतंच, रस्त्यात होतं.

आई शाळेत गेली. तिथे उत्तर मिळालं की मॅडम, व्हॅन प्रायव्हेट आहे, गेटच्या बाहेरचं आम्ही बघत नाही. मला याचा राग तेव्हापण आला आणि आजपण येतो. अहो व्हॅनमधली सगळी मुलं तुमची, तुमचाच युनिफॉर्म घालून बसलेली, आणि तो मुलगा डिक्कीतून उतरून तुमच्याच वर्गात येऊन बसतो, भिजलेली पँट घेऊन, ती गेटवर काढून ठेवतो का तो?

आणि हे सगळं माहीत कोणाला होतं? व्हॅनवाल्या भैयांना! आरशातून रोज दिसायचं त्यांना. म्हणाले, "देख तो रहा था मैडम, पर बच्चों के बीच में कौन बोले." त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. पोलिसात जाऊ वगैरे काही न म्हणता आम्ही त्यांच्याबरोबर चहा घेतला, नीट बोललो, दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पुढे भैयांच्या शेजारी. आणि आठवीतली एक मुलगी होती त्याच व्हॅनमध्ये, तिला तिच्या आईनं सांगितलं की तू भांडू नकोस, फक्त त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारत जा. ती मारायला लागली, मग अजून दोघं मारायला लागले. म्हणून मी प्रत्येक शाळेत जाऊन सांगते की व्हॅनवाले भैया, शाळेतल्या मावशी, कँटीनवाले, यांना पालकसभेला बोलवा, खुर्ची द्या, विचारा. प्रिन्सिपलच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिली. बरं, छापलेला विषय आता भराभर.

नॉर्वेत 1982 साली तीन मुलांनी जीव दिला, कारण मुलांनीच दिलेला त्रास, आणि पुढच्या वर्षी सरकारनं देशभर मोहीम काढली. डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञांनी यावर, म्हणजे मुलांनीच मुलांना छळण्यावर, बुलिंगवर, आयुष्यभर काम केलं. त्यांनी खुणा सांगितल्या त्या अशा, त्रास मुद्दाम दिलेला असतो, वारंवार दिलेला असतो, आणि सोसणारा बरोबरीचा नसतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण "तूपण एक ठेवून द्यायची" हा आपला आवडता सल्ला तिथेच फसतो, ठेवून देता आली असती तर त्यानं दिली नसती का. फिनलंडच्या शाळांतला किवा कार्यक्रम तर बघणाऱ्या मुलांवरच जास्त भर देतो, त्या आठवीतल्या मुलीसारख्या.

मूल सांगायला आलं की पहिलं वाक्य "मग तू काय केलं होतंस?" हे नको. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि गप्प बसा. शाळेत जायच्या आधी त्याला विचारून जा. मोबाईलवरचं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, आणि फोन हिसकावून घेऊ नका, पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. दुसऱ्या मुलाच्या आईला बाल्कनीतून सुनवायलाही जाऊ नका, त्याच्याही घरी काहीतरी बिघडलेलं असू शकतं, त्यालाही कोणीतरी लागेल. शाळेला काउन्सेलरबद्दल विचारा, सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे एक तरी हवा.

आणि सगळं बुलिंगमुळेच होतं असंही नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयात 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार दिसले, चाळीसच्या वर्गात जवळजवळ तीन. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मित्र नको, खेळ नको, असं असेल तर डॉक्टर. पुढे लग्नात आडवं येईल म्हणून थांबू नका, हात जोडून सांगते. मरायचे विचार येतात का, असं सरळ विचारा, विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट, रात्रीसुद्धा चालू. मुलांची हेल्पलाइन 1098. दोन्ही नंबर बाहेर टेबलावर ठेवलेत, घेऊन जा, एक तुमच्या व्हॅनवाल्या भैयांनापण द्या. ज्यांना वेगळं बोलायचंय त्यांनी थांबा, मी इथेच आहे.