पाळी आली की छातीत का दुखतं?

उजव्या खांद्यात कळ, दम लागतोय, एक्स-रे काढला तर फुफ्फुसाभोवती हवा साठलेली. नळी घालून हवा काढतात, बरं वाटतं, आणि काही महिन्यांनी परत तेच. छातीच्या डॉक्टरांकडे पाळीचा विषयच निघत नाही, ते विचारत नाहीत आणि आपणही बोलत नाही. पण पाळी सुरू झाल्यापासून साधारण 72 तासांत असं झालं असेल, तेही उजवीकडे, तर एंडोमेट्रिओसिसचा संशय घ्यायलाच हवा.

म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. बहुतेक वेळा ओटीपोटातच, पण कधी छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी सिझेरियनच्या व्रणात, तिथे गाठ होते, ती पाळीत फुगते, ठणकते आणि हर्निया समजून बाई फिरत राहते. बेंबीतून पाळीत रक्त येणं, हे तर 1886 सालीच विलार नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय!

आतड्याचं प्रकरण फसवं. दर पाळीला शौचाला जाताना जीव जातो, पण कोलोनोस्कोपी (आतड्यात दुर्बीण घालून केलेली तपासणी) नॉर्मल, कारण हा आजार आतड्याच्या बाहेरून आत शिरतो आणि आतलं अस्तर बऱ्याचदा चांगलंच असतं. मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवतात, याचा खरंच राग येतो. मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) दाबली गेली तर दुखतही नाही, किडनी मात्र गुपचूप खराब होत जाते, म्हणून ओटीपोटात खोलवर आजार सापडला की सोनोग्राफीत किडन्याही बघून घ्यायच्या.

म्हणून कधी दुखलं, कुठे दुखलं, पाळी कधी आली, हे तारखेनिशी लिहून ठेवा. आजार जुना झाला की रोजच दुखायला लागतं, तेव्हा सुरुवातीला कसं होतं तेही सांगा. एमआरआय करताना नेमकी कसली शंका आहे ते रेडिओलॉजिस्टला माहीत असलं पाहिजे, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाहीच असं नसतं.

छातीत दुर्बीण घातली की कधी छाती-पोटामधल्या त्या पडद्यावर बारीक भोकं दिसतात, तपकिरी-जांभळे ठिपके दिसतात. त्यातला तुकडा बायोप्सीला जातो. सोबतच्या फॉर्मवर पाळीचा उल्लेख हवाच, कारण छातीतल्या तुकड्यात ग्रंथी नेहमी सापडत नाहीत, नुसता स्ट्रोमा, म्हणजे ग्रंथींभोवतालच्या आधार देणाऱ्या पेशी असतात, आणि तो ओळखायला पॅथॉलॉजिस्टला सीडी10 (या पेशींवरचं एक प्रथिन) आणि हार्मोन रिसेप्टर दाखवणारे वेगळे स्टेन, म्हणजे खास रंग, लावावे लागतात.