उद्योगाला कसली वीज हवी?

श्रोतेहो, नमस्कार.

राज्याच्या ऊर्जा धोरणाचा विषय निघाला की उद्योजकांची पहिली मागणी ठरलेली: युनिटचा दर उतरवा. मागणी रास्त आहे, पण तिला पहिला क्रमांक देऊ नये. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात भरणाऱ्या, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगच्या, कारखान्यात क्षणभर व्होल्टेज कोसळलं तरी मशिनला वीज जोडणारे कॉन्टॅक्टर सुटतात आणि मशिन थांबतं. वीज लगेच येते. पण बॅरलमधलं प्लॅस्टिक तापत राहिलं तर जळतं, निवलं तर घट्ट होतं. ते काढून टाका, तापमान पुन्हा जमवा, सुरुवातीचे नग भंगारात घाला. हा खर्च वीजबिलात कुठेच दिसत नाही. म्हणून औद्योगिक वसाहतीला स्वतंत्र फीडर (उपकेंद्रापासूनची वेगळी वीजवाहिनी), उपकेंद्राला दुसऱ्या बाजूनं पुरवठा आणि पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्यांची छाटणी, हे आधी, दर नंतर.

आता दराकडे वळू. शेती आणि लहान घरगुती ग्राहकांच्या सवलतीचा बराचसा भार उद्योग-व्यापाराच्या दरावर पडतो. तो चुकवण्यासाठी ओपन ॲक्सेसनं, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्या विक्रेत्याकडून, वीज घ्यायला जावं, तर 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 42 प्रमाणे क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे त्याच सवलतीची भरपाई, भरावा लागतो. स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या कॅप्टिव्ह प्रकल्पाला मात्र तो नाही. त्यामुळे काही कारखाने मिळून ग्रुप कॅप्टिव्ह सौर प्रकल्प उभारतात. 2005 च्या नियमांनुसार त्यात वापरकर्त्यांची मालकी किमान 26 टक्के हवी आणि वर्षभरातली किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. घोटाळा होतो तो दुसऱ्या अटीत. मंदीत एखाद्या मोठ्या भागीदारानं पाळी बंद केली की वापर घसरतो, आणि 51 टक्के गाठले नाहीत तर त्या वर्षाची सगळीच वीज कॅप्टिव्ह धरली जात नाही. अधिभार लागतो तो साऱ्या युनिटांवर. तेव्हा वापराचा हिशेब दर महिन्याला मांडा. मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

सौर-पवन अशा विजेसाठीच्या 2022 च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनी किमान 1 मेगावॉट मागणीची अट 100 किलोवॉटवर आणली, हे चांगलंच झालं. पण सौर प्रकल्पाचं कर्ज अनेक वर्षं फेडायचं असतं. दुपारची जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर घेण्याचे, म्हणजे बँकिंगचे, नियम मध्येच बदलले तर गणित तिथेच फसतं. नवे नियम नव्या प्रकल्पांनाच लावावेत, एवढी हमी मिळाली तरी बँक कर्ज द्यायला कचरणार नाही.

शेतीला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून सुरू आहे. उद्योजक तिच्याकडे परक्याचं काम म्हणून पाहतात, ते खटकतं. शेतीची वीज स्वस्तात तयार झाली तर सवलतीचा बोजा हलका होईल, आणि तो बोजा कोण उचलतं ते वर आलंच आहे.

दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत हरकत नोंदवताना नुसतं ‘दर कमी करा’ लिहू नका. आपल्या फीडरवर वीज कधी, किती वेळ गेली, त्यात किती माल वाया गेला, याची बारा महिन्यांची नोंद सोबत जोडा.