निगेटिव्हमधून निघालेली पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो.

फोटोचं पेन्सिल-चित्र करायचं म्हटलं की बहुतेक जण मोबाइलवरचं एखादं ॲप उघडतात आणि 'स्केच' लिहिलेलं बटण दाबतात. दोन सेकंदांत चित्र हजर. मग नीट बघावं तर केसांच्या जागी कोळशाचा ढीग, गालावर काळे ठिपके आणि नाक गायब! ॲपने प्रत्येक फोटोला एकच माप लावलेलं असतं. ते माप आपल्या हातात कसं घ्यायचं, ते आज बघू. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर असो नाहीतर फोटोशॉप, रीत तीच.

पायऱ्या पाच. आत्ता भरभर सांगतो, पुढे पुन्हा सांगणारच आहे, तेव्हा पेन शोधायला उठू नका. फोटो कृष्णधवल करायचा. त्या लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, कॉपी काढून वर ठेवायची. कॉपी उलटी करायची, म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मेनूमध्ये याला 'इन्व्हर्ट' म्हणतात. मग या वरच्या लेयरचा मोड, म्हणजे ती खालच्या लेयरमध्ये कशी मिसळते ती रीत, 'नॉर्मल'वरून 'कलर डॉज' करायचा. गिम्पमध्ये नुसतं 'डॉज' लिहिलेलं असतं. या क्षणी सगळा पडदा पांढराफटक होतो. घाबरून 'अनडू' दाबू नका, तो तसाच व्हायला हवा. शेवटी ती उलटी लेयर 'गॉशियन ब्लर'ने धूसर करायची. जसजसं धूसर करत जाल, तसतशा त्या पांढऱ्या पडद्यावर रेषा उगवू लागतात.

आता, कोऱ्या पडद्यावर रेषा आल्या कुठून? हे सांगायला मला जरा लांब जावं लागणार आहे. थेट इटलीला.

ऑक्टोबर १८३३. कोमो सरोवराचा काठ. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाचे एक इंग्रज गृहस्थ पत्नीबरोबर तिथे आलेत. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. माणूस मोठा विद्वान: गणिती, रॉयल सोसायटीचा फेलो, त्यात पुन्हा ब्रिटिश संसदेचा सभासद. येत नाही ती एकच गोष्ट, चित्र काढणं. पत्नी कॉन्स्टन्स यांचा हात चित्रकलेत चांगला. आणि समोर असं सरोवर, असे डोंगर, की कोणालाही कागद काढावासा वाटेल.

टॅल्बटसाहेबांनी यावर उपाय म्हणून एक यंत्र आणलं होतं, 'कॅमेरा ल्युसिडा'. नावात कॅमेरा असला तरी यात फोटोबिटो काही निघत नाही. एका दांडीवर बसवलेला काचेचा छोटा लोलक, एवढंच. लोलकाच्या अगदी कडेवर डोळा धरायचा. बुबुळाच्या अर्ध्या भागाला समोरचं दृश्य दिसतं, उरलेल्या अर्ध्याला खालचा कागद. दोन्ही एकात एक मिसळतात आणि सरोवर जणू कागदावर येऊन पडतं. आपण फक्त गिरवायचं. ऐकायला सोपं! पण डोकं तांदळाएवढं हललं तरी दृश्य कागदावरून सरकतं. दृश्य उजळ असेल तर पेन्सिलीचं टोक दिसत नाही, टोक दिसतंय तोवर दृश्य विरतं. टॅल्बट गिरवत राहिले. मग लोलकावरून डोळा काढून कागद पाहिला. पेन्सिलीने दगा दिला, अशी तक्रार त्यांनी पुढे लिहूनही ठेवलीय.

(इथे एक बोलून घेतो. गिरवणं म्हणजे चित्रकलेतली लबाडी, असं मानणारी काही मंडळी आहेत. मला ते पटत नाही. गिरवून चित्र येत असतं तर टॅल्बटना आलंच असतं की! डोळा नसेल तर लोलक काय करणार? असो.)

तर, हताश होऊन बसलेल्या या माणसाच्या मनात एक विचार आला. कागदावर पडलेलं हे दृश्य आपलं आपणच उमटून राहिलं तर? घरी, इंग्लंडात लॅकॉकला परतल्यावर, १८३४ मध्ये ते कामाला लागले. चांगला लिहायचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, वरून सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट मिळून कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, आणि ते उजेडात काळं पडतं. असे कागद त्यांनी लहान लहान लाकडी पेट्यांत बसवले. पेट्या घरभर ठेवलेल्या, म्हणून कॉन्स्टन्सबाई त्यांना उंदराचे सापळे म्हणायच्या. ऑगस्ट १८३५ मध्ये अशाच एका पेटीतून घराच्या जाळीदार खिडकीचं चित्र निघालं. चित्र टपाल तिकिटाएवढं, पण टॅल्बटनी त्याखाली नोंद केली की भिंग घेऊन पाहिलं तर खिडकीची सुमारे २०० तावदानं मोजता येतात.

एक भानगड मात्र होती. जिथे उजेड जास्त, तिथे कागद जास्त काळा. म्हणजे खिडकीची उजळ तावदानं काळी आणि मधल्या अंधाऱ्या पट्ट्या पांढऱ्या. सगळं उलटं! पण उलट्याचं उलटं केलं की सुलटं होतं, हे गणित्याला कोणी सांगायला नको. तो उलटा कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरला की खाली सुलटं चित्र. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्द १८४० मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने दिले. टॅल्बटनी स्वतः आपल्या चित्रांना दिलेलं नाव होतं 'फोटोजेनिक ड्रॉइंग'. ड्रॉइंग, बरं का! कोमोच्या काठावरचं ते न जमलेलं ड्रॉइंग त्यांच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. पुढे फिल्मचे दिवस आले, आणि डार्करूममधल्या लोकांनी एक उद्योग केला. एकाच फोटोची निगेटिव्ह फिल्म आणि पॉझिटिव्ह फिल्म बरोब्बर एकमेकींवर ठेवली. काय दिसेल? एकीत काळं तिथे दुसरीत पांढरं, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उरतो सपाट करडा रंग, चित्र नाहीच. पण त्या दोन फिल्मच्या मध्ये फिल्मच्या जाडीएवढी फट असते. ही जोडी फिरत्या तबकडीवर ठेवली आणि वरून सरळ न टाकता तिरपा उजेड टाकला, तर जिथे काळं आणि पांढरं एकमेकांना भिडतं, तिथल्या कडेने उजेड आत घुसतो. फक्त कडेने. जोडीखाली ठेवलेल्या तिसऱ्या, कोऱ्या फिल्मवर उमटते ती नुसती रेघ. फोटोचं रेखाचित्र! कोडॅकने या रीतीला 'टोन-लाइन' म्हटलं.

आपल्या पाच पायऱ्या आठवा. कृष्णधवल लेयर ही पॉझिटिव्ह फिल्म. उलटी केलेली कॉपी ही निगेटिव्ह. एकीवर एक ठेवली, चित्र नाहीसं झालं. आणि ब्लर म्हणजे त्या दोन फिल्ममधली फट. ज्या माणसाला रेघ ओढता आली नाही त्याने निगेटिव्ह शोधली, आणि तीच निगेटिव्ह आज आपल्याला रेघ ओढून देतेय. मला या गोष्टीचा कंटाळा येत नाही.

'डॉज' हा शब्दही डार्करूममधलाच. छपाई चालू असताना तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात हलवत धरायची, म्हणजे तेवढ्या भागाला उजेड कमी पोचतो आणि छापात तो भाग उजळ राहतो. फोटोशॉपमध्ये 'डॉज' नावाचं एक हत्यारही आहे, त्याच्या छोट्या चिन्हात काडीवरची गोल चकती दिसते, ती हीच.

आता वेळ बराच गेलाय, तेव्हा कामाचं बोलू.

डॉज मोड एक भागाकार करतो. रंगाचे आकडे ० ते २५५. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपल्या रचनेत प्रत्येक ठिपक्याचा आकडा भागिले त्याच्या आसपासची सरासरी, असा हिशेब होतो. ठिपका १२०, आसपासची सरासरी १५०, तर उत्तर चार-पंचमांश, म्हणजे साधारण २०४, फिकट करडी रेघ. ठिपका सरासरीएवढा किंवा जास्त उजळ असेल तर सरळ पांढरा. म्हणून रेघ कडेच्या काळ्या बाजूलाच उमटते. आणि 'आसपास' म्हणजे किती, ते ब्लरचा आकडा ठरवतो. पुन्हा सांगतो: ब्लरचा आकडा हीच तुमची पेन्सिल.

किती ठेवायचा? फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये बघा, तिला २०० ने भागा. ३००० पिक्सेल रुंद असेल तर १५ पासून सुरुवात. ४-५ वर आलात तर कडक शिशाच्या बारीक रेघा मिळतात, ४०च्या पुढे गेलात तर कोळशासारखी छटा यायला लागते, आणि फारच वाढवलात तर पुन्हा फोटोच दिसू लागतो. फोटोशॉपमध्ये ब्लर करण्याआधी लेयरचा 'स्मार्ट ऑब्जेक्ट' करा. आकडा नंतरही बदलता येतो. गिम्पमध्ये ही सोय ३.० आवृत्तीपासून आहे.

पुन्हा एकदा: कृष्णधवल, कॉपी, उलटी, डॉज, ब्लर. कृष्णधवल, कॉपी, उलटी, डॉज, ब्लर. गिम्पवाल्यांनी उलटी करताना साधं 'इन्व्हर्ट' घ्यावं. शेजारचं 'लिनिअर इन्व्हर्ट' घेतलं तर निगेटिव्ह जास्त उजळ होते आणि रेषा फिक्या पडतात.

केसांचा कोळसा का होतो? भागाकारामुळे. अंधाऱ्या भागात ठिपका ८ आणि सरासरी १२, फरक चारचाच, पण उत्तर दोन-तृतीयांश, म्हणजे १७०, ठळक डाग. उजळ भागात तोच चारचा फरक, २०० भागिले २०४, उत्तर २५०, दिसतही नाही. कॅमेऱ्याचे बारीक दाणे अंधारातच असे उसळून येतात. म्हणून पहिल्या पायरीच्या आधी, कॉपी काढण्याच्याही आधी, दोन कामं करा. 'नॉइज रिडक्शन' फिरवा. आणि 'लेव्हल्स'मध्ये, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणाऱ्या खिडकीत, आउटपुटचं काळं टोक ० वरून २० वर आणा. यामुळे पूर्ण काळे ठिपकेही मिटतात. नाहीतर शून्याला कितीही उजळवलं तरी ते काळंच राहतं, आणि पांढऱ्या पडद्यावर मिरीसारखं दिसतं.

दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन आलेला फोटो घेऊ नका. जेपेगची दाबादाबी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत होते, आणि त्या चौकटींच्या कडा आपली रीत इमानेइतबारे रेघा म्हणून काढते. गालावर जाळी दिसली तर समजा, हेच झालंय.

नाक गायब होतं ते फ्लॅशमुळे. समोरून उजेड पडला की नाक आणि गाल एकाच आकड्याचे होतात, मग कड राहतेच कुठे? खिडकीकडून, एका बाजूने उजेड आलेला फोटो निवडा. आणि कृपा करून मोबाइलचा तो चेहरा गुळगुळीत करणारा 'ब्यूटी' मोड बंद ठेवा. सुरकुत्या म्हणजे रेषा, आणि रेषाच पुसून टाकल्यावर रेखाचित्र कशाचं काढायचं? सत्तरीतल्या माणसाचा चेहरा साबणाच्या वडीसारखा कोणाला बघायचा असतो, मला तर कळत नाही.

रेषा उमटल्या की वरून एकत्र केलेली लेयर घ्या, गिम्पमध्ये 'न्यू फ्रॉम व्हिजिबल', आणि लेव्हल्समध्ये काळा काटा १२० ते १६० पर्यंत सरकवा. रेघ गडद होते. मागची झाडी सुयांसारखी टोचत असेल तर पांढरा मऊ ब्रश, ओपॅसिटी (म्हणजे रंगाचा दाटपणा) ३० टक्के, आणि हळूहळू पुसत जा.

रंगीत चित्राबद्दल दोनच वाक्यं. गिम्पचा 'ऑइलिफाय', म्हणजे फोटोला तैलचित्राचं रूप देणारा फिल्टर, प्रत्येक ठिपक्याभोवती जो रंग सगळ्यात जास्त वेळा येतो तोच तिथे भरतो, त्यामुळे मोठ्या आकड्याला डोळे आणि ओठ पहिल्यांदा वितळतात. चेहऱ्यावर लेयर मास्क, म्हणजे लेयर कुठे किती दिसावी ते ठरवणारा पडदा, लावून तिथे जोर कमी ठेवा. मग आपलं पेन्सिल-चित्र 'मल्टिप्लाय' मोडमध्ये त्याच्यावर ठेवा, रंगाची ओपॅसिटी ६०च्या आसपास आणा, शाई आणि जलरंगाचं काम दिसतं. सगळं कृष्णधवल ठेवून फक्त ओठ लाल करणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही.

चित्र पीएनजीमध्ये साठवा. जेपेगमध्ये रेघांभोवती करडा फुफाटा जमतो. आणि चित्र लहान आकारात लागणार असेल तर फोटो आधी लहान करा, मग पाच पायऱ्या करा. मोठ्यावर काढलेल्या रेघा लहान करताना विरून जातात.

नमस्कार.