कोलंबियाकाठी, सॅमनच्या मागे

तुमच्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत पोर्टलंड-सिएटलकडे असतात. उन्हाळ्यात तुम्ही तिकडे जाता, मल्टनोमा धबधब्याशी फोटो काढता आणि परतता. धबधबा १८९ मीटर उंच आहे, देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझी विनंती आहे की गाडी तिथून मागे वळवू नका. कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेकडे जात राहा. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, एका दिवसात सगळं होतं.

पोर्टलंडपासून साधारण ६५ किलोमीटरवर बॉनविल धरण आहे. १९३७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. समुद्रातून उलट वर येणाऱ्या सॅमन माशांसाठी तिथे पाण्याचा जिना बांधलेला आहे, फूट-फूट चढत जाणाऱ्या टाक्यांचा. जिन्याच्या पोटाशी काचेची खिडकी आहे. तिथे निदान अर्धा तास उभे राहा. मासा धारेला तोंड देऊन एकाच जागी थबकलेला असतो, शेपटी हलत असते, कल्ले उघडमीट करत असतात, आणि अचानक एका झटक्यात तो दिसेनासा होतो. एखाद्याच्या अंगावर समुद्रसिंहाच्या दातांचे ओरखडे असतात. इथून जाणाऱ्या माशांची जातवार मोजणी १९३८ पासून चालू आहे.

पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे आपल्या माहितीचे आहेत. तीच ओढ इथे शेकडो किलोमीटरची होते. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परततो. इथला सॅमन त्यानंतर मरतो. आयडाहो राज्यातल्या रेडफिश सरोवरात जाणारा सॉकाय जातीचा सॅमन सुमारे १,४५० किलोमीटर पोहतो आणि वाटेत आठ धरणं ओलांडतो. १९९२ साली त्या सरोवरात एकच सॉकाय पोचला. एकच! जिना चढणाऱ्यांसाठी असतो. समुद्राकडे निघालेल्या पिल्लांपुढे टर्बाइनं असतात आणि धरणामागचं संथ, तापलेलं पाणी असतं. २०१५ च्या कडक उन्हाळ्यात तर वर निघालेले मोठे मासेही टिकले नाहीत. सुमारे अडीच लाख सॉकाय त्या कोमट पाण्यात मेले.

पुढे द डॅल्स गाव लागतं, आणि आणखी थोडं गेलं की सेलायलो. तिथे आज एक बाग आहे आणि समोर तळ्यासारखं शांत पाणी. माझं सगळं व्याख्यान खरं तर या पाण्यासाठी आहे. इथे सेलायलोचा प्रपात होता. हजारो वर्षं इथले मूळ रहिवासी इथे मासे धरत. खडकातून पुढे काढलेल्या लाकडी मचाणावर कमरेला दोर बांधून उभं राहायचं आणि लांब दांडीचं जाळं फेसात खुपसायचं. कुठली जागा कुठल्या घराण्याची, हे ठरलेलं होतं. मासेमारी कधी सुरू करायची, कधी थांबवायची हे सॅमनप्रमुख सांगत, म्हणजे वरच्या गावांनाही मासा पोचे. टॉमी थॉम्पसन हे तिथले सॅमनप्रमुख. त्यांनी धरणाला विरोध केला. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत प्रपात बुडाला. कोयनेच्या, उजनीच्या काठच्या लोकांना मी याहून अधिक काय सांगू!

आणि हे घडलं लेखी वचन असताना. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५ च्या करारांत याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातींनी अफाट जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखला. तो हक्क बजावताना पुढे त्यांना अटका झाल्या. १९६९ साली न्यायाधीश बेलोनी यांनी माशांतला त्यांचा न्याय्य वाटा मान्य केला, १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात तो निम्मा ठरवला. मला विचाराल तर नदीत मासाच उरला नाही, तर निम्म्या वाट्याला काही अर्थ नाही. म्हणून १९७७ पासून या चार जमातींचा स्वतःचा मत्स्य आयोग नदी राखण्याच्या कामात आहे.

परतताना पूल ओलांडून वॉशिंग्टनच्या बाजूने या. लाइलजवळ क्लिकिटॅट नदीवर मचाणं आणि दांडीची जाळी आजही दिसतात. लांबूनच पाहा, मचाणावर पाय ठेवू नका, ती कुणाच्या तरी घराण्याची जागा आहे. पुढे व्हाइट सॅमन नदी. तिच्यावरच्या कॉन्डिट धरणाला २०११ च्या ऑक्टोबरात सुरुंगाने भोक पाडलं आणि दोन तासांच्या आत तलाव रिकामा झाला. १९१३ पासून अडलेली वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी सॅमनने वरच्या अंगाला अंडी घातली.

शेवटी ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ ओलांडून कॅस्केड लॉक्सला उतरा. हंगाम चालू असेल तर पुलाखाली या जमातींचे कोळी बर्फाच्या पेट्या मांडून बसलेले असतात. मासा त्यांच्याकडूनच घ्या. कुठल्या पाण्यातला, कधी धरलेला, हे विचारा, ते हौसेने सांगतात. रोख पैसे जवळ ठेवा, आणि गाडीत बर्फाची पेटी घरूनच न्या.